सात देव अन् संशयी रुखमाबाई

आमची रुखमाबाई दुधवाल्याले दूध मापू देते, अन् मंग घरात नेऊन आपल्या मापानं आखीन मापते. दुधवाला तिच्या सख्ख्या भावाचा पोरगा आहे. भाजीवाली म्हणे ताजं आहे, त ही देठ मोडून पाहते. एकदा एक ज्योतिषी अंगणात आला अन् तिचा हात पाहून भल्लं गोड बोलला. ही म्हणे, "महाराज, तुमी माहा हात पाहून राह्यले का माही धानाची कोठी?" तो चहा न पिताच गेला.

मी सरिता, तिची धाकटी जाऊ. नागभीडजवळ आमचं गाव, एकाच अंगणाच्या दोन बाजूले आमची दोन घरं. कितीक वर्षांपासून पाहून राह्यली, ह्या बाईनं कोणाची गोष्ट पहिल्या झटक्यात खरी मानली असं एकदाबी झालं नाई. लोक हासतात, मीबी हासते. पण तिचा संशय काही जन्माचा नाई, तो तिले घरादारानं अन् गावानं मिळून दिला.

मुखरूभाऊ, तिचा नवरा, एका उन्हाळ्यात मोहफुलं वेचाले जंगलात गेले, अन् वाघानं त्याईले तिथीच संपवलं. गावाले सकाळीच समजलं. पण हिले कोण सांगन? पोरगा प्रणित तवा अंगणवाडीत होता. मोठ्या माणसाईनं ठरवलं, हळूहळू सांगू. म्हणे, जरासं लागलं, नागभीडच्या दवाखान्यात नेलं, बरे आहेत. हिनं विचारलं, "जेवले का?" कोणीतरी म्हटलं, नाई. मंग हिनं चूल पेटवली, भात रांधला, वांग्याची भाजी केली, डब्बा भरला अन् तो डब्बा मांडीवर धरून गाडीत बसली. दवाखान्यात तिले काय दाखवलं ते मी सांगत नाई. डब्बा भरलेलाच परत आला. तवापासून कोणी "सगळं बरं आहे" म्हटलं की बाई पदर खोचून उभी राहते.

त्याच प्रणितले तिनं एकटीनं वाढवलं. धानाच्या बांधीत चिखल तुडवून त्याले शिकवलं. तो इंजिनेर झाला, जपानले नोकरीले लागला, अन् गोंडपिपरीच्या नीलिमाशी लग्न करून तिलेबी घेऊन गेला. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येते. बाई फोन डोळ्याले लावून धरते, म्हणून तिकडे त्या दोघाईले नुसतं तिचं कपाळच दिसते.

मांगल्या दिवाळीपासून नीलिमा फोनवर दिसेनाशी झाली. एकदा झोपली होती, एकदा सर्दी झाली होती, एकदा बाजारात गेली होती. मंग एका रविवारी दिसली, त गळ्यापासून गुडघ्यापर्यंत ढगळं स्वेटर घालून. बोलली बी कमीच. बाईनं फोन ठेवला अन् माह्याकडे पाह्यलं.

"सरिते, सून पोटुशी आहे."

"सांगतलं का त्याईनं?"

"सांगतीन कायले? नजर लागते म्हणून लपवून राह्यले. मीबी लपवलं होतं."

लपवलेली गोष्ट आवडली असं बाईच्या आयुष्यात तवा पहिल्यांदा झालं. हासत होती जी ती, एकटीच हासत होती चुलीपुढे.

त्याच्यानंतर प्रणितचा फोन आला. "आई, जानेवारीत ये. काकूले संगं आण. नव्या वर्षात इथी लोक सात देवांचं पायी दर्शन करतात. वाट दाखवाले एक बाई असते, ती एका देवळातून दुसऱ्या देवळात चालत नेते. वर्षभर नशीब चांगलं राहते म्हणतात."

बाईनं फोन कानाचा काढून त्याच्याकडे असं पाह्यलं का जसा त्याच्यातून विंचू निघाला. हा पोट्टा मार्कंड्याच्या जत्रेत गेला त देवळाच्या बाहेर भजे खात उभा राहाचा. त्याले आता एकदम सात देव आठवले. "दाल में काला है," बाई म्हणे. "देव-बिव काही नाई. मले डोहाळजेवणाले बोलावून राह्यला, अन् नाव देवाचं सांगून राह्यला."

मुखरूभाऊनं ब्रह्मपुरीच्या बाजारातून आणलेलं एक लाल लुगडं तिनं पेटीत ठेवलं होतं. त्याले कधी कोणाले हात लावू दिला नाई. त्याचा पदर तिनं फाडला अन् एक टोपडं शिवलं. कडेले पांढरी झालर, हनुवटीखाली बांधाले दोन बंद. न्याच्या पिशवीत चिवड्याच्या डब्ब्याच्या खाली, दोन कपड्यात गुंडाळून ठेवलं. मले म्हणे, "कोणापाशी बोलली त जीभ हासडीन." मी कोणापाशी बोलली नाई.

विमानाचं काय सांगू, पट्टा बांधणाऱ्या पोरीवरबी बाईचा संशय होता. उतरलो, बाहेर आलो, त समोर प्रणित अन् नीलिमा. नीलिमा पाया पडाले वाकली अन् स्वेटर वर सरकलं. पोट सपाट. नुसतं सपाट नाई, पोरगी वाळून गेल्ती. बाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् तो हात तिथीच राह्यला जरा वेळ. मंग माह्या कानाशी येऊन म्हणे, "हे काहीतरी आखीन आहे."

अन् मंग चालू झालं तिचं. भांडण झालं असन दोघात. नाई त ह्याची नोकरी गेली असन. नाई त पोरगी ह्याले सोडून जाऊन राह्यली अन् मले पंच म्हणून बोलावलं. नीलिमानं भात वाढला की बाई भाताकडे नाई पाहे, तिच्या बांगड्या मोजे. प्रणित हासला की हा खोटा हासला म्हणे. दोन दिवसात माहं डोकं उठलं. मी म्हटलं, "बाई, सरळ विचारून टाका ना." त म्हणे, "विचारलं की लोक खोटं सांगतात. मी पाहून घेते."

तिसऱ्या दिवशी पायी दर्शन होतं. स्टेशनच्या बाहेर दहा-पंधरा माणसं जमली, सगळी तिथलीच, आमी चौघंच परके. वाट दाखवणारी बाई मिदोरी नावाची, हातात पिवळी झेंडी. तिनं आमाले हात जोडले अन् म्हणे, "आप सबका हार्दिक स्वागत है. कृपया मेरे पीछे-पीछे पधारिए." एवढी शुद्ध हिंदी आमच्याकडे रेडिओवरचबी ऐकू येत नाई. कॉलेजात शिकली म्हणे. बाई माह्या कोपराले धरून म्हणे, "जपानी बाईले हिंदी कायले पाहिजे होती? कोणाचं काय ऐकाचं होतं तिले?"

थंडी अशी की बोलताना तोंडातून धूर निघे. अरुंद गल्ल्या, लाकडाची देवळं, दारात हात धुवाले पाणी. पहिला देव हातात गळ अन् काखेत मासा घेऊन बसलेला. दुसरा धानाच्या दोन पोत्यांवर उभा. पोतं गवताचं, पण बांधलेलं अगदी आपल्यासारखं. बाई त्याच्यापुढे थांबली. "हा शहाणा आहे," म्हणे, "आपल्या धानावर स्वतःच उभा राह्यला. कोणाच्या भरवशावर नाई ठेवलं." तिथी तिनं मनापासून हात जोडले. पुढच्या देवळात एक देवी होती, हातात वीणेसारखं वाद्य. मिदोरी म्हणे, ही तुमच्याकडूनच आली, ही सरस्वती. बाईनं वाद्य नीट पाह्यलं अन् विचारलं, "मंग हिचा मोर कुठी ठेवला?" मिदोरी देवीच्या आजूबाजूले पाहाले लागली. बाईनं मले डोळ्यानं खूण केली, म्हणजे पाह्यलं का.

प्रत्येक देवळात एका जाड कागदावर लाल शिक्का मारून देत. बाईनं आपला कागद पुढेच केला नाई. म्हणे, शिक्का अन् अंगठा माणसानं जपून द्यावा.

पण तिचं खरं ध्यान देवाकडे नव्हतंच. नीलिमा प्रत्येक देवापुढे डोळे मिटून उभी राहे, ती लोक पुढे गेले तरी हाले नाई. प्रणित मांगं मांगं चाले, मान खाली घालून. दोनदा नीलिमा आमच्या बाजूले आली अन् म्हणे, "आई, मले तुमच्याशी..." बाई थांबली. नीलिमा म्हणे, "काही नाई, थंडी वाजते का, विचारत होती."

"गिळली," बाई मले हळूच म्हणे. "गोष्ट जिभेवर आली होती, गिळली. बाप्पा, काय आहे ह्या पोरीच्या पोटात?"

पाचव्या देवळाच्या मांगं झाडाखालून एक पायवाट होती. वाटेच्या कडेले लहान लहान दगडी मूर्त्या ओळीनं मांडलेल्या, हातभर उंचीच्या. तोंडं बाळासारखी, डोळे मिटलेले. कोणाच्या गळ्यात लाल लाळेरं, कोणाच्या डोक्यावर विणलेली टोपी. मले वाटलं थंडीचं घातलं असन. त्याईच्या पायाशी अन् आजूबाजूले गोट्यांचे ढीग होते. गोट्यावर गोटा, त्याच्यावर आखीन गोटा.

आता आमच्याकडची गोष्ट सांगते. आमच्या जंगलाच्या तोंडाशी असाच एक दगडांचा ढीग आहे. आत जाणारा माणूस त्याच्यावर एक दगड नाई त हिरवी डहाळी ठेवते अन् म्हणते, वाघोबा, येऊ दे, जाऊ दे. मुखरूभाऊ गेल्यापासून बाईनं तो ढीग कधी चुकवला नाई. अनोळखी रान दिसलं, ढीग दिसला, की तिचा हात आपोआप खाली जाते. तसाच तिथीबी गेला. तिनं पायाजवळचा एक गोटा उचलला, ढिगावर ठेवला, अन् कपाळाले हात लावला.

संगं चालणारी माणसं थांबली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मिदोरी बाईपुढे कमरेतून वाकली, अन् उठली त तिचे डोळे भरलेले.

"माफ़ कीजिए, माताजी. मुझे मालूम नहीं था."

"काय मालूम नव्हतं?" बाई माह्याकडे वळली. "ही काऊन रडून राह्यली? काय ठरवून ठेवलं ह्याईनं?"

मी मिदोरीले विचारलं. तिनं हळूहळू, शब्द शोधून सांगतलं. हे लेकरांचे देव आहेत. जे लेकरू लहानपणी जाते, नाई त जन्माच्या आधीच जाते, ते मेल्यावर तिकडच्या नदीच्या काठी एकटंच गोट्यावर गोटा ठेवत राहते, पार जावं म्हणून. मायबाप इथी एक गोटा ठेवतात, म्हणजे लेकराले तेवढाच हातभार लागते. टोप्या अन् लाळेरे तेच घालतात.

"माहं लेकरू?" बाई म्हणे. "माहं लेकरू त हे उभं आहे, घोड्याएवढं." अन् प्रणितले दाखवाले मांगं वळली.

प्रणित झाडाकडे तोंड करून उभा होता. अन् नीलिमा वाटेवर, मुठीत एक गोटा धरून. ठेवताबी येत नव्हता तिले अन् टाकताबी येत नव्हता. सासू पाहून राह्यली होती ना.

मी बाईच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. सगळं जुळलं तिचं, दिवाळी, सर्दी, ढगळं स्वेटर, सात देव. तिच्या हिशेबात फक्त एकच गोष्ट चुकली होती.

"कवा?" तिनं विचारलं.

"दिवाळीच्या आधी," नीलिमा म्हणे. "चौथा महिना लागला होता."

"मले काऊन नाई सांगतलं?"

प्रणित वळला. "तू तिकडे एकटी होतीस, आई. धान कापणीले आलं होतं. म्हटलं, समोर बसवून सांगू. हळूहळू सांगू."

हळूहळू. ते ऐकलं अन् बाईचं तोंड असं झालं का मले वाटलं आता ही त्याच्या कानाखाली लावते. "तुह्या बापाच्या वक्ताले बी हेच म्हटलं होतं सगळ्याईनं," ती म्हणे. "माह्या हातून भात शिजवून घेतला. मेलेल्या माणसाचा डब्बा भरला मी. अन् आता तूबी? मले सांगतलं असतं त मी काय मरून गेली असती? मी रडली असती. रडूबी देत नाई तुमी लोक."

प्रणित लहान पोरासारखा हुंदके देऊन रडाले लागला. बाई त्याच्याकडे गेली नाई. ती नीलिमाकडे गेली, तिची मूठ आपल्या दोन्ही हातात धरली अन् तिले ढिगाजवळ आणलं.

"ठेव बाई. माह्या गोट्याच्या वर ठेव. एकट्यानं कायले करन ते, आजी आहे ना त्याची."

नीलिमानं गोटा ठेवला अन् खाली बसली. किती दिवसाचं रडं ते, कोण जाणे. बाई तिच्या पाठीवर हात फिरवत राह्यली. मीबी रडली, खोटं कायले सांगू.

मंग बाईनं आपली पिशवी उघडली. चिवड्याचा डब्बा मले धराले दिला. दोन कपड्यातलं टोपडं काढलं, अन् त्या ओळीत एक मूर्ती उघड्या डोक्याची होती, तिच्या डोक्यावर ते बसवलं. नीलिमा लाल कापडाकडे पाहतच राह्यली. तिले समजलं, सासू काय घेऊन आली होती अन् कोणासाठी. बाईनं बंद हनुवटीखाली ओढून बांधले, झालर सारखी केली, अन् मिदोरीकडे वळली.

"इथी कोणी काढून त नेत नाई?"

मिदोरी म्हणे, कोणी नाई नेत, माताजी, विश्वास रखिए.

बाईनं तिच्याकडे एकदा पाह्यलं. मंग परत खाली बसली अन् त्या गाठीवर आखीन एक गाठ मारली.

उरलेले दोन देव आमी पाह्यले का नाई, मले आठवत नाई. नीलिमा सगळी वाट सासूचा हात धरून चालली अन् बोलत राह्यली.

आता आमी गावात आहोत. रविवारी फोन येते, अन् पहिल्यांदा नीलिमाच येते फोनवर. दर महिन्याले ती त्या देवळात जाऊन फोटो पाठवते. बाईनं विचारलं होतं, आहे का जाग्यावर, अन् नुसतं हाव, आहे म्हटलेलं तिले चालत नाई. टोपडं पावसानं फिकं झालं आहे. बाई फोटो दोन बोटानं मोठा करते, आखीन मोठा करते, हनुवटीखालचं पाहते.

"गाठ माहीच आहे," म्हणते, अन् मंग फोन माह्याकडे देते.