सरांच्या नोट्स

ताई गेली तेव्हा तिच्यावरच्या परीक्षाबंदीचं एक वर्ष उरलं होतं. बंदी कॉपी केल्याबद्दल होती. तिची हकिगत मीच सांगायला हवी, कारण माझ्याशिवाय ती कुणाला ठाऊकच नाही. मी तिचा धाकटा भाऊ.

ताई शाळेचे गणवेश शिवायची. वडील वारले तेव्हा ती बारावीत होती. परीक्षा झाली आणि मशीनवर बसली ती बसलीच. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "आधी ह्याचं मार्गी लागू दे." मी मार्गी लागलो, पण तोवर विचारणारे थांबले होते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि सहा महिने पुस्तक धरायला मनाई झाली. त्या वर्षाला एक पायाभूत विषय होता. थोडं विज्ञान, थोडं साहित्य, थोडं भाषाशास्त्र, थोडा इतिहास, सगळ्याची नुसती तोंडओळख. दुपारी काजं-बटणं उरकली की ताई माझी पुस्तकं वाचायची, मापांच्या वहीत मागच्या बाजूने आपल्या शब्दांत उतरवायची आणि मला वाचून दाखवायची. पृष्ठताण काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. तिने वाटीभर पाण्यावर अलगद सुई ठेवली, तिच्यावर माझं बोट टेकवलं. "तरंगतेय बघ. पाण्यालासुद्धा कातडी असते." आणि तसंच लिहिलं. इतिहासात लिहिलं, 'राजा बदलला हे नाण्यावरून कळतं, माणसांचं काय झालं हे धान्याच्या भावावरून.' कवितेसाठी लिहिलं, 'कवीने काय सांगायचं टाळलं आहे, ते आधी शोधा.'

मी पहिल्या वर्गात पास झालो. पुढे त्याच कॉलेजात तोच विषय शिकवायला लागलो आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन तीच वही वर्गात सांगत सुटलो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने ती टाईप करून घेतली आणि वर छापलं, 'सरांच्या नोट्स'. मूळ वही मी रद्दीत घातली. ताईला छापील प्रत दाखवली तेव्हा ती हसली. "तुझं-माझं काय वेगळं आहे का रे?" हे तिचं वाक्य मी पुढे वीस वर्षं सोयीने वापरलं. अभ्यासक्रम बदलला की प्रत तिच्यापुढे सरकवायचो, ती समासात भर घालायची. त्या नोट्सच्या जोरावर मला विभागप्रमुख केलं. सत्काराला ती मागच्या रांगेत होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिच्या चालूच होत्या.

बावन्नाव्या वर्षी तिने मला न विचारता बाहेरून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा अर्ज भरला. "मला पदवी हवीय रे एक. मिरवायला नाही. नुसती घरात असू दे."

पेपर देऊन आली तेव्हा कधी नव्हे ती गुणगुणत होती. महिन्याभराने नोटीस आली. उत्तरं 'सरांच्या नोट्स'शी शब्दशः जुळतात, अगदी पाण्याच्या कातडीसकट. नोट्स सोबत नेल्याचा संशय आहे, चौकशीला हजर राहावं.

"शब्द तरी बदलायचेस!" मी तिच्यावरच खेकसलो. "पोरंसुद्धा चार शब्द इकडचे तिकडे करतात."

"दुसरे कुठून आणू? माझे तेवढेच आहेत." मग म्हणाली, "तू सांगशील ना त्यांना?"

"सांगेन," मी म्हणालो. तेव्हा माझ्या मनातही तेच होतं.

चौकशीला टेबलामागे तिघे होते, त्यातले दोघे माझे जुने विद्यार्थी. नोट्सचा लेखक म्हणून मलाही बोलावलं होतं. ताई पिशवी छातीशी धरून उभी राहिली. "साहेब, त्या नोट्स मीच लिहिल्यात." एकाला हसू आवरेना. मधल्याने माझ्याकडे पाहिलं.

"सर, नोट्स आपल्याच ना?"

घरून निघताना वाक्य दहा वेळा घोकलं होतं. तिथे खुर्ची दिसली, पद दिसलं, उद्याची स्टाफरूम दिसली. मी भित्रा आहे. तेव्हाही होतो.

"हो. माझ्याच."

ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांच्याकडे वळली. "चुकलं साहेब. पाठ करून करून आपल्याच वाटायला लागतात."

त्यांनी तीन वर्षांची बंदी घातली.

जिना मी तिच्या पुढे पुढे उतरत होतो. मधल्या पायरीवर तीच थांबली.

"मी उगाच बोलून गेले आत. तुला काही त्रास नाही ना रे होणार?"

"नाही," मी म्हणालो.

आणि झालाही नाही.