जाऊबाईंचा पीच कॉब्लर

माझ्या मोठ्या जाऊबाई अमेरिकेत मुलाकडे राहून आल्या आणि तेव्हापासून आमच्या घरात कोणालाच काही धड करता येईनासं झालं. मी वरणाला फोडणी दिली की त्या म्हणायच्या, "तिकडे एवढा धूर झाला तर भोंगा वाजतो." अंगणात कपडे वाळत घातले की म्हणायच्या, "तिकडे असे कपडे चारचौघांना दिसू देत नाहीत." मारेगावच्या रस्त्यात गाय आडवी बसलेली दिसली तर तिच्याकडे अशा बघायच्या की त्या गायीलाही आपण चुकीच्या देशात बसलो असं वाटावं.

त्या आणि भाऊजी यवतमाळला राहतात. भाऊजी मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत, पण ते अजून त्यांना कोणी नीट कळवलेलं दिसत नाही. आम्ही मारेगावला. मी शाळेत इंग्रजी शिकवते, हे पंचायत समितीत आहेत आणि सासूबाई आमच्याकडे असतात. सासूबाई मुकुटबनच्या शेतकरी घरातल्या. अमेरिकेबद्दल त्यांचा एकच प्रश्न होता, "तिथं तूर होते का?" होत नाही म्हटल्यावर त्यांचा त्या देशातला रस संपला.

तिकडच्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा यायची, ती म्हणजे पीच कॉब्लर. दिवाळीत माझे अनारसे खाऊन जाऊबाई म्हणाल्या, "छान झालेत गं. पण तू पीच कॉब्लर खाशील ना..." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. वाक्य तिथंच संपलं. संक्रांतीला तिळाच्या पोळीवर तेच झालं. एका चुलत सासऱ्यांच्या तेरवीला पंगतीत बुंदी वाढली जात होती, तिथंही त्यांना कॉब्लर आठवला आणि त्यांनी डोळे मिटले. शेजारच्या बाईंना वाटलं, त्या गेलेल्या माणसासाठीच मिटले.

शेवटी मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या, येत्या रविवारी संध्याकाळी दोघं येणार असं कळलं आणि मी ठरवलं की एकदाचा हा कॉब्लर करायचाच. पाहुणचार वगैरे काही नाही. त्या अर्धवट वाक्याचा मला बंदोबस्त करायचा होता.

मोबाईलवर एक गोऱ्या बाई कॉब्लर करताना सापडल्या. भांड्यात लोणी वितळवायचं, त्यावर मैदा, साखर, दूध आणि बेकिंग पावडरचं सरबरीत पीठ ओतायचं, वर पीचच्या फोडी ठेवायच्या आणि अजिबात ढवळायचं नाही. भट्टीत पीठ आपोआप फोडींभोवती फुगून वर येतं. हे सगळं त्या बाई इतक्या हसत करत होत्या की त्यांच्या घरी सासू नाही हे लगेच कळत होतं.

पहिली अडचण पीचची. बाजारातल्या फळवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "पीच नाही बाई, पपीता घेऊन जा. कापल्यावर कोनाले कळते?" यांनी मग ते काम हाती घेतलं, म्हणजे आधी सगळीकडे चौकशी केली, "सदर फळाची इकडे आवक नाही" असं मला तोंडी कळवलं आणि नागपूरला जाणाऱ्या एका सहकाऱ्यावर काम सोपवलं. त्यानं पाकातल्या पीचचा डबा आणला. डबा फोडायला आमच्याकडे काहीच नव्हतं. यांनी स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेतली आणि पहिल्याच घावाला पाकाची चिळकांडी यांच्या चष्म्यावर उडाली.

सासूबाईंनी एक फोड चाखली. "हे तं कोहळं हाये. पाकातलं कोहळं."

"आई, पीच आहे ते. अमेरिकेतलं फळ."

"घरात आंब्याची रास पडली हाये आन तू डब्यातलं शिळं फळ कायले आनून राह्यली?"

रविवारी दुपारी मी आता शिकायला बाहेर असलेल्या मुलीच्या हट्टापायी घेतलेला आणि त्यानंतर माळ्यावर गेलेला ओव्हन खाली काढला. बाईंनी साडेतीनशेवर ठेवा असं सांगितलं होतं. आमच्या ओव्हनचा आकडा अडीचशेलाच संपत होता. "त्यांचं सगळंच मोठं असते," हे म्हणाले. ती फॅरेनहाइटची भानगड आहे हे उमगेपर्यंत आम्ही दोघं त्या बटणाकडे अगदी अपराधी चेहऱ्यानं बघत होतो.

लोणी वितळवलं, पीठ ओतलं, फोडी अलगद मांडल्या. ओव्हन तापला का बघायला मी वळले, तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि उलथनं घालून सगळं घोटून मोकळ्या झाल्या.

"आई! ढवळायचं नव्हतं!"

"फोडी वरच राह्यल्या होत्या. तू इसरली वाटलं."

भांडं तसंच आत ठेवलं. पीठ जरा कुठं फुगायला लागलं आणि वीज गेली. उन्हाळ्यात वावधान, म्हणजे वादळवारं, सुटलं की आमच्याकडे वीज जाते, आणि ती कधी येईल हे वीजवाल्यांनाही माहीत नसतं. मग जुनी लोखंडी कढई काढली, तळाशी मीठ पसरलं, त्यावर कॉब्लर ठेवला, झाकण घातलं आणि झाकणावर वजन म्हणून वरवंटा. अमेरिकेतला पदार्थ असा वरवंट्याखाली शिजत पडला असताना दारात गाडी वाजली.

चहा झाला. मी पोह्यांच्या बशांऐवजी वाट्या मांडल्या आणि कॉब्लर आणून मधोमध ठेवला. वरून छान तांबूस, कडेला जरा काळा, आतून थोडा शिऱ्यासारखा. घरभर लोण्याचा वास सुटला होता.

"ताई, पीच कॉब्लर," मी म्हटलं. आवाजात विजय होता, नाही कशाला म्हणू?

जाऊबाईंनी चमचाभर घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी सावकाश खाल्लं आणि म्हणाल्या, "तसं नाही झालं गं."

मला अपेक्षित होतं तेच. मी म्हटलं, "मग कसं असतं ताई? आज नीट सांगाच."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाल्या, "मले काय माहीत? मी एकदाच तं खाल्लं."

त्यांच्या तोंडून 'मले' ऐकून मीच दचकले. अमेरिकेहून आल्यापासून त्या पुस्तकातलं बोलत होत्या.

"एकदाच?" भाऊजींनी विचारलं. ते स्वतः महिनाभरातच परत आले होते. तिकडे सकाळी मराठी पेपर मिळत नाही, हे त्यांना सहन झालं नव्हतं.

"तुमी निंघून आले त्याच्यानंतरची गोष्ट," जाऊबाई म्हणाल्या. "पोरगा-सून सकायी जात, लेकराले पाळणाघरात सोडत. मी दिवसभर एकटी. भोंग्याच्या भेवानं गॅस पेटवत नव्हती. खिडकीतून पाह्यलं तं रस्त्यानं एक मानूस नाही. कुत्रं नाही. एक दिवस दुपारी बेल वाजली. पोरानं सांगतलं होतं, दार उघडायचं नाही. पन काचेतून पाह्यलं तं एक म्हातारी. केस कापसासारखे, हातात भांडं, वर फडकं झाकेल."

"मग?" सासूबाई सरसावून बसल्या.

"मग काय, उघडलं. थे काय बोलली मले समजलं नाही. पीच समजलं, कॉब्लर समजलं. तिच्या अंगनात झाड होतं, त्याच्याकडे बोट दाखवे. आत ये म्हटलं. दोन चमचे घेतले आन एकाच भांड्यातून दोघी खात बसलो. थे तिचं बोले, मी माह्यं बोलो. मी तिले म्हटलं, माह्या पोराले मायसाठी टाइम नाही बाई. तिनं मान हलवली."

हे उगाच चष्मा पुसायला लागले.

"भांडं रिकामं कसं द्यावं? इकडून नेलेल्या शंकरपाळ्या भरल्या आन तिच्या दारात ठेवून आली. संध्याकायी पोरानं आयकलं तं माह्यावरच चिडला. म्हने, मम्मी, कोनाले काही झालं तं केस करतात इथं. अंधारातच गेला, शंकरपाळ्या काढून घेतल्या आन रिकामं भांडं ठेवून आला. मग मी खिडकीतच नाही बसली."

"मला हे कधी बोलली नाहीस," भाऊजी म्हणाले.

"तुमी कवा इचारलं? तुमी इचारलं, तिकडचे रस्ते कसे हायेत."

सासूबाईंनी फर्मावलं, "लावा त्याले फोन."

तिकडे सकाळ होती. माझा पुतण्या पडद्यावर आला तो जांभई देतच. कॉब्लर दाखवल्यावर म्हणाला, "अरे वा! इथे दुकानात फ्रोझन मिळतो."

"बाजूची म्हातारी बरी हाये का रे?" जाऊबाईंनी विचारलं. "नाव काय तिचं?"

"कोणती म्हातारी?"

"थे पिवळ्या दारवाली."

"आपल्या बाजूला पिवळं दार आहे?" पुतण्या खरोखरच विचारात पडला. त्या घरात तो कितीतरी वर्षं राहतो आहे.

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "जाय आन पाहून ये. आत्ता. आमी फोन धरून बसतो."

"आजी, इथे असं न सांगता कोणी जात नाही."

"तू जाय मी सांगून राह्यली ना!"

आजीपुढे अमेरिकेचं काही चालेना. पुतण्या अर्ध्या चड्डीवर निघाला. पडद्यावर हिरवळ हलली, आकाश हललं, मग पिवळं दार दिसलं. ते उघडलं आणि कापसासारखे केस फोनवर वाकले. जाऊबाईंनी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला, का ते त्यांनाच ठाऊक. म्हातारी ओरडलीच आनंदानं. मग भडाभडा बोलायला लागली. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण त्यातला एक शब्द मला कळला असेल तर शपथ. भाऊजींनी घसा साफ करून "रिस्पेक्टेड मॅडम" अशी सुरुवात केली, पण सासूबाईंनी त्यांना कोपर मारून गप्प केलं.

"काय म्हनते रे?" जाऊबाईंनी विचारलं.

पुतण्याचा चेहरा पडला होता. "म्हणते... मी काढून न्यायच्या आधी तिनं दारातच दोन शंकरपाळ्या खाल्ल्या होत्या, मी आलेलो तिनं काचेतून पाहिलं. आणि बाकीच्या मी काहून... का परत नेल्या, विचारते आहे."

"सांग तिले," सासूबाई म्हणाल्या. "खरं सांग."

त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक. म्हातारीनं त्याला आत बोलावलं आणि फोन बंद झाला. जाऊबाईंनी वाटी पुढे केली. मी आणखी वाढलं. भाऊजींनीही घेतलं, आणि काळी कड बाजूला न काढता खाल्लं.

म्हातारीचं नाव कळलं आहे. ते जाऊबाईंच्या जिभेवर बसत नाही, म्हणून त्या तिला नुसतं 'बाई' म्हणतात. पुतण्या हल्ली वैतागलेला असतो. बाईंनी त्याच्या मुलाला झाडावर चढायला शिकवलं आहे आणि रविवारी त्यालाच त्यांच्या अंगणातलं गवत कापावं लागतं. त्याची आई यवतमाळहून दर रविवारी फोन करून कापलं का विचारते. नाही म्हटलं, तर आजीला मारेगावला कळवते.