पूर्ण आकडा

पक्षी-अभ्यासक रानबदकांच्या पायात कडी घालतात. त्या कडीवरचा आकडा पाहणाऱ्यानं कळवला, की पक्षी कुठून कुठे गेला ते समजतं. महाड-पोलादपुरातल्या नोंदी मी ठेवतो; तिथं कुणी काही कळवत नाही, याचा मला राग होता. म्हणून मी पत्रक छापलं, ठळक अक्षरांत: 'अर्धवट आकडा चालणार नाही. पूर्ण वाचा.'

सावित्रीवर मासे धरणारे एक काका ते पत्रक घेऊन घरी आले. त्यात एक कडी होती, धुऊन पुसून गुंडाळलेली.

"लांबून तीनच आकडे दिसत व्हते. तुला पुरा पायजे ना? म्हणून जाळं टाकलं. आता एक पण चुकायचा नाय."

"आणि बदक?"

"जाळ्यात लय धडपडलं. सोडवेपर्यंत गेलं रे."

कडीवरचा आकडा ओळखीचा होता. ती मादी गेल्या हिवाळ्यात मी याच नदीवर पाहिली होती. तीन आकड्यांवरून मी तिला ओळखलं असतं. 'पक्ष्याच्या जवळ जाऊ नका' ही ओळ पत्रकाच्या कच्च्या मसुद्यात होती. जागा पुरेना म्हणून मीच ती काढली.

काका दारातच उभे होते.

"नोंद झाली ना बरोबर?"

झाली, म्हणालो.