दोन बोटांची जागा

मागचा टायर झिजला की तो पुढं टाकायचा आणि नवा मागं, ही आमच्याकडची जुनी रीत. पुढच्या चाकावर भार कमी, त्यामुळं अर्धा झिजलेला टायर तिथं आणखी दोन वर्षं निघतो. दोन्हीकडची रिंग एकाच मापाची, म्हणून बसतोही. फक्त मागचा टायर जरा जाड असतो आणि पुढचं मडगार्ड बारीक टायरच्या मापानं केलेलं असतं. एवढी एकच अडचण. ती मी सोडवली. कशी सोडवली, ते आजवर घरात कुणाला सांगितलं नाही.

दादा तेव्हा गावच्या सहकारी दूध सोसायटीचं दूध मोटरसायकलवर शीतकेंद्राला नेत असे. दोन बाजूंना दोन कॅन. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. पोळा झाला तरी चारा छावणी उठली नव्हती. गावची जनावरं तळ्याच्या बांधावर बांधलेली, आणि दूधही तिथूनच उचलायचं. रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. बारीक टायर त्यात रुतायचा, गाडी एका अंगाला ओढायची. म्हणून जाड टायर.

मी सिरसाळ्याला एका गॅरेजात दोन वर्षं काढली होती आणि स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. कामाला बसलो तेव्हा वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला चौथा महिना होता. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. दादा-वहिनी चार वर्षं तसे कारखान्याच्या उसाला जात होते.

"भाऊजी, दुधाची फेरी हाय म्हनून यंदा कोयता न्हाई," ती म्हणाली. "पैली पोर फडात झाली, आन् फडातच ठिवून आलो. ह्ये तरी घरात होऊ द्या. गाडी नीट बगा."

"वहिनी, काळजीच सोडा," मी म्हणालो. आज ते शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

टायर बसवला तर मडगार्डला घासू लागला. मग मडगार्डखाली वायसर घालून ते वर उचललं. पण फार उचललं तर खड्ड्यात शॉकअप दबल्यावर ते वर ठोकायचं. म्हणून शॉकअप खोलून स्प्रिंगवर पाइपचा तुकडा ठेवला, ऑइलही जाड भरलं. पुढचा भाग कडक झाला. टायर आणि मडगार्ड यांच्यात माझं एक बोट कसंबसं जात होतं.

गाडी मिरवत गॅरेजवर नेली. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी खाली बसून फटीत बोटं घातली.

"एक बोट न्हाई चालत बे. दोन पायजेत. न्हाई तर मडगार्ड काडून फेक."

मडगार्ड काढणं शक्य नव्हतं. आईनं नारायणगडाच्या जत्रेतून आणलेली पितळी पट्टी नारळ फोडून त्याच्यावर बसवली होती. दादाची राखण म्हणून. शिवाय मला कुणी शिकवलेलं खपत नव्हतं.

"दोन कावून?" मी विचारलं.

"चिकल."

मी मोठ्यानं हसलो. "उस्ताद, चिकल हाय कुटं?"

ते हसले नाहीत. पाना उचलून आपल्या कामाला लागले.

आठ दिवस दादा खूश होता. नवव्या दिवशी चाकातून करकर ऐकू आली. फटीत कडब्याची एक काडी अडकली होती. ती मी तारेनं ओढून काढली आणि दादाला काही बोललो नाही. मनात मात्र काहीतरी खटकलं होतं, हे कबूल करतो.

दोन दिवसांनी मी भाकरी घेऊन छावणीत गेलो, वहिनी तिथं म्हशींपाशी होती. सकाळी टँकरचा कॉक नीट बंद झाला नव्हता आणि दारातल्या काळ्या मातीत पाणी मुरलं होतं. अख्ख्या तालुक्यात चिखल असेल तर तेवढाच, दहा-पंधरा पावलं. जनावरांनी तो तुडवून त्यात शेण आणि कडबा कालवला होता. दादा कॅन भरून त्यातून सावकाश निघाला. माती चाकाला धरू लागली. गाडी जड झाली तशी त्यानं रेस वाढवली. मला दिसत होतं आणि कळतही होतं.

"दादा, थांब!" मी ओरडलो. गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

बांधाच्या उतारावर मडगार्डच्या फटीत चिखल ठासला आणि पुढचं चाक जागच्या जागी गच्च झालं. गाडी उलटली आणि भरलेला कॅन त्याच्या उजव्या मनगटावर आला. वहिनी म्हशी सोडून धावत आली. त्याचा हात मांडीवर घेऊन बसली, आणि बघत होती त्या चाकाकडं.

मनगट वाकडंच बसलं. सोसायटीनं फेरी दुसऱ्याला दिली, दूध कुणासाठी थांबत नाही. रानात काही नव्हतं, घरातही नव्हतं. दिवाळी होताच ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक दारात आला. कोयता म्हणून मी आणि वहिनी चढलो. मी ऊस तोडायचो, ती मोळ्या बांधायची, अगदी दिवस भरेपर्यंत. माघात एका दुपारी तिला फडातच पाचटावर मुलगा झाला. तो जगला. तिनं मला आजवर एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तो मुलगा आता तरणा झाला; गेल्या उन्हाळ्यात त्यानं मोटरसायकल घेतली आणि शोभेसाठी पुढं जाड टायर टाकून आणला. मी खाली बसलो. एक बोट गेलं, दुसरं गेलं नाही.

"दोन बोटं पायजेत," मी म्हणालो.

"कावून, काका?"

"चिकल."

तो हसला. "चिकल हाय कुटं?"

दारात वहिनी ज्वारी पाखडत बसली होती. तिचं सूप थांबलं. मी वर न बघता त्याच्याकडं पाना मागितला आणि मडगार्ड काढायला घेतलं.