न झाडलेला उंबरा

बुखाऱ्याच्या जुन्या शहरातली ती गल्ली इतकी अरुंद होती की, लादलेली गाढवं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागे. वळणं पूर्वजांनी मुद्दाम ठेवलेली. वाळवंटातला वारा मातीच्या भिंतींशी घासत आत येता येता दमून जाई. हमरोबीबी नवरी होऊन इथे आली, तेव्हा पहाटे दारोदार सुनांचे खराटे वाजत. उजाडण्याआधी उंबऱ्यापुढची वाट झाडून पाणी शिंपडायचं, हा सुनेचा पहिला धर्म. उन्हं आली तरी ज्या घरापुढे कचरा, त्या घरात मयत झालं असं गल्ली धरून चाले.

आता तीनच खराटे उरले होते. एक तिचा, एक समोरच्या विधवा शराफतचा आणि एक विधुर तांबट नेमत-अकाचा. बाकीच्या घरांची हॉटेलं झाली होती. हमरोबीबीची सून ताश्कंदला, उंच इमारतीत राहत होती. मुलगा इल्होम शुक्रवारी घराचं गिऱ्हाईक घेऊन येणार होता, आणि या खेपेला ती हो म्हणणार होती. इथे आता आपल्याला विचारतंय कोण?

गुरुवारी पहाटे तिला जाग आली, पण कंबर उचलेना. राहू दे आजचा दिवस, असं म्हणून तिने पुन्हा डोळे मिटले.

ती उठली ती रडण्याच्या आवाजाने. दार उघडलं, तर बाहेर शराफत ऊर बडवत होती. शेजारी नेमत-अका अंगरख्यावर कमरपट्टा बांधून, काठी टेकून उभा होता. मयताच्या दारात पुरुष उभे राहतात तसा.

"कोण गेलं गं, शराफत?"

शराफतचा ऊर बडवणारा हात थबकला. "अपा! अगं ताई, तू जिवंत आहेस?"

"दिसत नाही का?"

"मग झाडलं का नाहीस? अर्धी रडून झाले ना मी!"

"उरलेलं जपून ठेव. लागेल लवकरच."

"पट्टा बांधताना पाठ धरली माझी," नेमत-अका कुरकुरला. "आता चहा तरी पाज, हमरो."

त्याने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "दारात उभा राहिलो. वाटलं, मागून माणसं येतील."

"मग?"

"हॉटेलातली एक पाहुणी आली. तिने माझा फोटो काढला."

तिघंही हसली.

शुक्रवारी इल्होम आला. गिऱ्हाईक अंगणात उभं राहून ओसरीच्या छताचं कोरीवकाम न्याहाळत होतं.

"आई, आता तरी हो म्हण. काय ठेवलंय इथे?"

"काही नाही रे. पण परवा मी मेले असं वाटून दोघं आली. मी निघून गेले, तर पुढे जो मरेल त्याच्या दारात एकच उभं राहील. आणि शेवटी जो उरेल त्याचा उंबरा झाडायचा राहिला, हे कळायलासुद्धा कुणी उरणार नाही."

"परवा नाही, आई. काल."

"काल तर काल. गिऱ्हाइकाला चहा दे आणि वाटेला लाव."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने खराटा उचलला. कंबर तशीच ठणकत होती. समोर शराफतचा खराटा वाजला. नेमत-अकाचा मात्र वाजेना. आपला उंबरा झाडून झाला तरी ती आत गेली नाही. भिंतीला टेकून, त्या आवाजाची वाट बघत उभी राहिली.