दहाव्या नंबराचं भाकीत

फुटबॉल हा खेळ मी आयुष्यात एकदाही खेळलो नाही. आमच्या शाळेत कबड्डी होती, व्हॉलीबॉल होता आणि क्रिकेट तर न सांगता होतंच. फुटबॉल म्हणून जो एक होता तो हवा गेलेला, खेळाच्या खोलीत कोपऱ्यात पडलेला असायचा. तरी पाच वर्षं मी एका फुटबॉल संघाचा मॅनेजर होतो, आणि त्या पाच वर्षांत जेवढा थकलो तेवढा मेंढरांमागं चालूनही थकलो नव्हतो.

वसमतला माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. भाड्याची खोली, सहा मशिनी, एक इन्व्हर्टर. लोडशेडिंगचे ते दिवस, त्यामुळं क्लास विजेच्या वेळापत्रकावर चालायचा आणि उरलेला वेळ मी रिकामा बसायचो. अशाच रिकामपणात इंटरनेटवर हा खेळ सापडला. त्यात चेंडू नाही, मैदान नाही. आपण अकरा खेळाडू निवडायचे, सराव ठरवायचा, बाजारात खेळाडू विकायचे, घ्यायचे. मॅच कॉम्प्युटरच खेळतो आणि संध्याकाळी नुसता निकाल सांगतो. मराठी माणसांनी त्यात स्वतःची एक लीग काढली होती. दहा संघ. कोणी पुण्याचा, कोणी नाशिकचा, कोणी परदेशातला. एकमेकांची खरी नावं कोणालाच माहीत नव्हती. लिहायचे सगळे मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत. नियम एकच कडक होता. सीझनच्या शेवटी जो दहावा, तो लीगबाहेर. त्याच्या जागी नवा माणूस.

सीझन सुरू व्हायच्या आधी त्या लीगमध्ये भाकीत निघायचं. कोण कितवा येणार, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, आणि प्रत्येक संघाखाली एकेक ओळ. हे काम एकच मॅनेजर करायचा. त्याला सगळे जोशीबुवा म्हणायचे, कारण तो भाकीत पंचांगाच्या भाषेत लिहायचा. गोलकीपरचं वय, कोण रोज येऊन सराव बदलतो, कोण महिनाभर फिरकत नाही, हे सगळं बघून लिहिलेलं असायचं, त्यामुळं बहुतेक बराबर यायचं. सीझन संपला की लोक त्याचं भाकीत आणि खरा तक्ता शेजारी ठेवून वाद घालत बसायचे.

पाडव्याला पंचांग वाचतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांना घरं माहीत असतील. यंदा पाऊस कोणाच्या घरी? माळ्याच्या घरी असला तर चांगला, परटाच्या घरी असला तर धो धो, वाण्याच्या घरी असला तर मोजून मापून, आणि कुंभाराच्या घरी असला तर दडी मारणार, कारण ओली मडकी कुंभाराला परवडत नाहीत. जोशीबुवा संघांना अशी घरं वाटून द्यायचा. पुण्यातल्या पोरांना त्याची गंमत वाटायची. मला विशेष काही वाटत नव्हतं, मी हे लहानपणापासून ऐकत आलेलो.

माझ्या दुसऱ्या सीझनला त्यानं माझ्या संघाला पाचवा नंबर दिला आणि खाली लिहिलं, "यंदा धनगराच्या घरी. मेंढरांमागं हिंडेल, थांबला तर पडेल, नाहीतर पुढच्या गावाला." मी वाचलं आणि पुन्हा वाचलं.

कारण पंचांगात धनगराचं घर नाही. कुठल्याच छापील पंचांगात नाही. ते घर माझ्या बापाचं. आम्ही कुरुंद्याच्या बाजूचे, चार एकर कोरडवाहू आणि मेंढरांचं खांड. बाला अक्षर येत नव्हतं. पाडव्याला मारुतीच्या पारावर जोशी वाचायचा ते ऐकून यायचा आणि घरी मायला सांगायचा, सांगताना पदरचं घालायचा. आपल्या जातीचं घर पंचांगात नाही याचा त्याला राग होता, म्हणून त्यानं एक बांधून टाकलं. मेंढरांमागं हिंडेल, थांबला तर पडेल, हे शब्दसुद्धा त्याचेच. ते ऐकणारी माणसं जगात तीन होती. माय, मी आणि मोठा भाऊ.

भाऊ घरातून गेला त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. आमचा जिल्हा परभणीतून फुटून वेगळा झाला, त्याच सुमारास भाऊही घरातून फुटला. बारावीला होता. बाला वाटायचं त्यानं खांड सांभाळावं, त्याला शिकायचं होतं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात दोघांची जुंपली आणि चार लोकांत बा बोलून गेला, "तू न्हाई आलास तरी चालतंय. मला माझी मेंढरं पुरतेत." भाऊ तिथूनच गेला. चिठ्ठी नाही, फोन नाही. पहिली दोन वर्षं मी त्याला परभणी, नांदेड, औरंगाबाद असं शोधलं. शोधून शोधून आशा संपते आणि सवय राहते. माझं तसं झालं होतं.

मी लगेच काही विचारलं नाही. बुजलेलं जनावर हाक मारली की आणखी लांब पळतं. आधी सगळ्यांसमोर गमतीनं लिहिलं, "जोशीबुवा, पंचांगात घरं चार. हे पाचवं कुठलं?" त्याचं उत्तर आलं, "आमच्या घरचं पंचांग वेगळं आहे." मग मी त्याला एकट्याला निरोप टाकला. "माय बरी हाय. बा बी." आठवडाभर काही नाही. रोज क्लास उघडला की आधी तेच बघायचो आणि रोज हिरमुसायचो. शेवटी आलं. "बाला सांगू नको." एवढंच.

कुठं आहेस, काय करतोस, लग्न झालं का, सगळं विचारून झालं. कशालाच उत्तर नाही. पण लीगमध्ये तो होता. भाकीत लिहायचा, संघ चालवायचा, माझ्याशी मॅच असली तर खेळायचा. मला राग यायचा. वाटायचं, अरे माणसा, तुझी माय तिकडं झुरून राहिली आणि तू मला ऑफसाइड शिकवतोस? पण धागा तेवढाच होता. तो तुटू नये म्हणून मी बाहेरच्या लोकांशी बोलावं तसा त्याच्याशी बोलत राहिलो.

मायला सांगितलं. तिला सांगू नको असं तो म्हणाला नव्हता. मी तिला हजार वेळा बजावलं की बाला कळू द्यायचं नाही. मायच्या तोंडात तीळ भिजला नाही. कारण थोड्याच दिवसांत बा मला विचारायला लागला, "तुझ्या त्या खेळात कितवा नंबर आला?" मी सांगितलं, चौथा. तो गोठ्याकडं बघत म्हणाला, "अन् बाकीच्यायचं?"

तिथून पुढं दर शनिवारी मी गावाकडं गेलो की दहाच्या दहा संघांचा नंबर बाला सांगायचा. भावाचा संघ आला की त्याचे कान टवकारायचे, पण तोंडातून भावाचं नाव नाही. मीही घेत नव्हतो. खेळाडू विकतात घेतात हे त्याला चटकन कळलं. "किती दाती हाय?" असं तो मेंढराचे दात मोजावेत तसं खेळाडूंबद्दल विचारायचा आणि मी वय सांगायचो. मायला नंबर म्हणजे शाळेतलाच नंबर वाटायचा. भाऊ एकदा तिसरा आला तर तिनं शिरा केला. मी समजावून सांगायचं सोडून दिलं होतं.

माणूस अशानं थकतो. इकडं बाला न सांगितल्यासारखं सांगायचं, तिकडं भावाला काही न विचारल्यासारखं विचारायचं. खेळाचा तर मला वीट आला होता. संघाचं नाव दिसलं तरी डोकं दुखायचं. पण सोडणार कसा? दोघांच्या अबोल्यात माझी आडवी भिंत झाली होती, आणि भिंतीला उठून जाता येत नाही.

मग एका सीझनला भाकीत आलं आणि त्यात शेवटी लिहिलेलं, "माझा संघ, दहावा. कुंभाराच्या घरी. एवढं बास." लोकांनी हसण्यावारी नेलं. मला कळलं. तो जायला निघाला होता. त्याला सरळ निघून जाता आलं असतं, पण कदाचित हाकलून लावल्यासारखं जाणंच त्याला सोपं वाटत असावं. मी निरोप टाकला, जाऊ नको. उत्तर आलं नाही.

शनिवारी घरी सांगितलं. माय म्हणाली, "दहावा म्हंजी नापास का रं?"

"म्हंजी काढून टाकतेत, माय. मग तो सापडणार न्हाई."

ती तोंडाला पदर लावून आत गेली. बा म्हणाला, "त्यानं सोताच लिवलं असं?"

"व्हय."

"काहून लिवलं?" म्हणत तो उठून मेंढरांकडं गेला.

सीझनभर भावानं आपलं भाकीत खरं करायला घेतलं. चांगले खेळाडू विकले, सराव बंद केला. मॅचला जो संघ उभा असेल तो असेल. पण नाशिकच्या एकाचं त्या वर्षी लग्न झालं आणि तो भावाहून जास्त वेळ गायब राहिला. शेवटची मॅच उरली तेव्हा नाशिकवाला नववा होता, भाऊ दहावा आणि दोघांत गुणांचा थोडाच फरक. भावाची ती मॅच माझ्याशी होती. तो जिंकला आणि नाशिकवाला हरला तर भाऊ वर सरकत होता. माझा संघ तिसरा, जिंकून मला काही मिळणार नव्हतं आणि हरून काही जाणार नव्हतं.

हे बाला सांगितलं. त्यानं विचारलं, "तुझ्या हातात काय हाय?"

"हारणं हाय."

"मंग हार की. त्यात कसली तकलीफ?" हे माझा बाप म्हणत होता, ज्यानं जन्मात कोणापुढं पडती बाजू घेतली नव्हती.

मॅचच्या दिवशी तो वसमतला आला. डोळे दाखवायचेत म्हणाला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलाच नाही, सरळ क्लासवर आला. याआधी तो तिथं कधी आला नव्हता. धोतर सावरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत काठावर बसला आणि काठी दोन गुडघ्यांत धरली. मी गोलकीपरच्या जागी एका बचाव खेळाडूला उभं केलं, बाकी सगळे राखीव. दिवे लागायच्या वेळेला निकाल आला. आम्ही एका गोलनं हरलो. नाशिकवालाही हरला. भाऊ नववा.

"ऱ्हायला का?" बानं विचारलं.

"ऱ्हायला."

त्यानं काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली. मी चहा सांगून परत बसलो तेवढ्यात भावाचा निरोप आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो घरच्या बोलीत आला होता. "काहून हारलास?"

मी बाच्या तोंडाकडं बघितलं. मग लिहिलं, "बानं सांगितलं." लिहिताना मला भीती वाटत होती, कारण सांगू नको ही त्याची एकच अट होती. चहा आला, गार झाला. बा पडद्याकडं बघत होता, जणू त्याला वाचता येत होतं.

मग आलं, "आजून काय म्हणला?"

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं आता तो बोलेल, चुकलो म्हणेल, निदान नाव तरी घेईल. बा म्हणाला, "इचार त्याला, तिकडं पाऊसपाणी कसं हाय?"

मला संताप आला. एवढ्या वर्षांनी पाऊस विचारायचा? पण मी तसंच लिहिलं. आणि या वेळी उत्तर यायला वेळ लागला नाही. 'कुठं आहेस' म्हणून मी शंभरदा विचारून जे मिळालं नव्हतं ते त्या एका ओळीत होतं. "समुद्रापार हाय. वाळूच हाय सगळी. इथं पाऊस पडतच न्हाई."

बानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. जन्मभर तो चाऱ्यामागं चाललेला माणूस. त्याला खरोखरच कळेना. कपाळाला आठ्या घालून, रागावल्यासारखा, पडद्याकडंच बघून तो म्हणाला, "मंग तिथं काहून ऱ्हायला?"

मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. भावाला यायला आणखी दोन वर्षं लागली. बा तोवर थांबला.