शेरव्यातलं मीठ

मनकर्णा चिडली की ओरडत नसे. तिचा आवाज खाली उतरायचा. १८६४च्या चैत्रात तो असाच उतरला आणि अमरावतीतल्या एका कापूस-व्यापाऱ्याच्या आवारात चाळीस चरख्या थांबल्या.

या चरख्यांवर कापसातून सरकी काढणाऱ्या बायांना मजुरीतच दुपारी भाकर आणि शेरवा मिळायचा. शेरवा रांधायची मनकर्णा. तिचा हात तयार झाला तो एलिचपूरच्या एका म्हाताऱ्या बावर्च्याजवळ. तो सांगे, शब्द फारसीतल्या शोरब्याचा: शोर म्हणजे खारं, बा म्हणजे पातळ कालवण. खारं नाही तर शेरवाही नाही.

त्या साली मुलखातले बैल कापूस वाहायला जुंपलेले. मिठाचे तांडे येईनात. मुनीम गोवर्धनने सांगितलं, मीठ संपलं, बायांना तुरीचं पाणी पुरे. आठ दिवस मनकर्णाने अळणी वाढलं. नवव्या दिवशी घामाने निथळणारी सुभद्रा चरखीवरच कोसळली. मनकर्णा पाण्यासाठी गोठ्याकडे धावली आणि थबकली. गाडीच्या बैलांपुढे सरकी होती, सरकीवर खडेमीठ, आणि बाजूला अर्धं पोतं भरलेलं.

तिने हंड्यातून वाटी भरून मुनिमाच्या गादीवर ठेवली.

"हे काय हाय, मुनीमजी?"

"शेरवा."

"चाखा."

तो म्हणाला, जेवण झालंय. बाया भोवती जमल्या होत्या.

"डाळीचं धोवण म्हना याले, अन् मजुरीत धरू नोका. बैलाले मीठ, बाईले अळणी. काहून?"

"बैल बसला तं माल अडते," मुनीम म्हणाला. "बाई बसली तं दुसरी येते."

मनकर्णाने पोत्यातले ओंजळभर खडे आणून सगळ्यांदेखत हंड्यात टाकले, ढवळले आणि पहिली वाटी सुभद्राच्या तोंडाला लावली. मुनिमाने तिला चोरटी म्हटलं, तिथूनच हाकललं.

दुसऱ्या दिवशी बायांनी एकही चरखी फिरवली नाही. तिसऱ्या दिवशी मीठ आलं, चुलीपाशी नवी रांधणारी, जयवंता, आली. मनकर्णाला बोलावणं आलं नाही.

पुढे ती भाजी विकून जगली. त्या आवारावरून जाताना मात्र दर खेपेला थुंकायची. मीठ तर भेटलं, आता कायचा राग, असं कोणी विचारलं की आवाज खाली उतरायचा.

"आठ दिस अळणी वाढलं ना मी. माह्याच हातानं."